ऐकलंत कशावर?



गेल्या खेपेला चरणजित सिंग यांच्या ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या रेकॉर्डमधले यमन आणि भूपाली वाजवले, त्यावर भरपूर पत्रं आली. रेकॉर्ड १९८२ ची, एचएमव्हीची, पण आपल्यातल्या बहुतेकांना नवीकोरीच. एका काकांच्या मते हा यमन नव्हेच, नुसती पाठ केलेली सरगम. एक ताई लिहितात, स्वयंपाक करता करता पाय थिरकले. एका तरुण मित्रानं तर विजयपताकाच फडकवली आहे : शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ हे नाचाचं संगीत १९८७ ला आलं, आपल्या मुंबईनं ते पाच वर्षं आधी केलं!

मतं असावीत. पण या सगळ्यांना माझा एकच प्रश्न आहे : ऐकलंत कशावर?

पंगतीत आमटी वाढताना वाढप्यानं पळी तळापर्यंत घातली नाही, तर पहिल्या पानाला पाणी मिळतं आणि शेवटच्या पानाला सगळी डाळ. मग हात धुताना वाद सुरू. एक म्हणतो पांचट, दुसरा म्हणतो पिठलंच होतं. भांडं एकच! या रेकॉर्डची डाळ तळाशी आहे. रोलँडच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रावर खर्जातली एक आकृती अखंड फिरत असते, आणि तिच्याखाली टीआर-८०८ या तालयंत्राचा ठोका. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरला हे झेपत नाही. त्यातून येतं ते वरचं पाणी, म्हणजे ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवरची सुरावट. काका, तुम्हाला सरगम ऐकू आली यात नवल नाही. तंबोऱ्याच्या जागी जे होतं, ते तुमच्यापर्यंत आलंच नाही.

आता ‘यंत्रात राग कसा येईल’ हा काहींचा आक्षेप. आपल्या आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला दार बंद केलं आणि ते जवळजवळ तीन दशकं उघडलं नाही. पेटीवर मींड निघत नाही, ही त्यामागची मोठी तक्रार. (आज त्याच माइकसमोर मी बोलतोय, म्हणून जपून.) सिंथेसायझरवर मात्र सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी घसरत नेता येतो, ३०३ मध्येसुद्धा तशी सोय आहे. म्हणजे पेटीला जे जमत नव्हतं ते याला जमतं, तरी नाक मुरडायचंच. ललतमध्ये दोन मध्यम शेजारी शेजारी येतात तिथे कान द्या. चरणजितजी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात मुरलेले वादक होते, त्यांना नुसती बटणं दाबायची नव्हती. त्यांनी तबला मुद्दाम बाजूला ठेवला. लय मात्र शेवटपर्यंत वाढत नाही, विलंबितातून द्रुतात जाणं नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यावर खरं तर वेगळं भाषण...

असो. शिकागोवाल्या मित्राला दोन शब्द. ३०३ बनवलं होतं एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून. ते खपलं नाही, १९८४ पर्यंत बंदही झालं. मग जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं आणि शिकागोच्या पोरांनी त्याच्या खुंट्या पिळून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ हे गाणं केलं. त्यांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली असण्याचं कारण नाही, ती इथेच कोणी फारशी घेतली नव्हती. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा तिकडच्या काहींना वाटलं, हा कुणा आजच्या वादकाचा खोडसाळपणा असावा! तेव्हा पहिला कोण, हे भांडण सोडा. यंत्र तेच होतं, हात वेगळे होते. आणि दोन्हीकडे सगळी गंमत तळाशी, खर्जात. मी पुन्हा तिथेच येतोय, मला कळतंय. पण पत्रं वाचून वाटतं, सांगायला हवं.

काचेपलीकडून हात वर झालाय. बैरागीबद्दल बोलायचं राहिलं, मेघमल्हारचंही. यापुढे पत्राच्या कोपऱ्यात एक ओळ लिहायची : कशावर ऐकलं. मोबाइल असेल तर मोबाइल लिहा, मी रागावणार नाही, थोडासाच रागावेन. आता याच रेकॉर्डमधला मालकंस लावतोय. घरात जुना डेक असेल तर त्याच्या मोठ्या स्पीकरवर हा रेडिओ जोडा, नसेल तर निदान कानाला हेडफोन लावा, आणि पहिलं मिनिटभर वरच्या सुरावटीकडे लक्षच देऊ नका.