आश्रय आणि ओळख



या ज्युबिलीच्या मंगलप्रसंगीं मी आपणांपुढें एका कादंबरीविषयीं चार शब्द बोलणार आहें. अनिता देसाई यांची ‘बाउमगार्टनर्स बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक ह्यूगो हा बर्लिनचा यहुदी. नाझींच्या छळामुळें तो हिंदुस्थानांत येतो. आई मात्र मागेंच राहते. महायुद्ध सुरू होतांच ब्रिटिश सरकार त्याला ‘जर्मन’ म्हणून शत्रू ठरवितें आणि बंदिछावणींत टाकतें. तेथें त्याचे सोबती कोण? ज्यांच्या भयानें त्यानें घर सोडलें, त्या नाझींचेच पक्षपाती! आईचीं पत्रें येतां येतां एके दिवशीं थांबतात.

ही केवळ कल्पना नव्हे. १९३९ च्या सप्टेंबरांत हिंदुस्थानांतील जर्मन नागरिक पकडण्यांत आले व अनेकांस अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणींत ठेवण्यांत आलें. त्यांत हिटलरच्या राज्यांतून जीव वांचवून आलेले यहुदीहि होते. १९३४ सालीं मुंबईंत स्थापन झालेली ज्यूइश रिलीफ असोसिएशन त्यांच्या साह्यास धांवली. चौकशीअंतीं पुष्कळांची सुटका झाली.

आतां याच महाराष्ट्रांतील दुसरें चित्र पाहा. कोंकणांत बेने इस्राएल लोक शतकानुशतकें राहिले. ते तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. गांवानें त्यांचा धंदा ओळखला, तसा त्यांचा विसाव्याचा दिवसहि ओळखला. सरकारनें मात्र पारपत्र पाहिलें. माणूस पाहिला नाहीं.

बंधुभगिनीहो, पवित्र कुटुंबानेंहि मिसर देशांत परकेपण भोगिलें. आश्रय म्हणजे केवळ छप्पर नव्हे. आलेल्याला तो जो आहे तसा ओळखणें, हा त्याचा प्राण होय.

आपल्या खानदेशांत रावेर-यावलच्या केळीबागांत सातपुड्यांतून भिल्ल व पावरा कुटुंबें कामास येतात; धुळें-चाळीसगांवकडील कित्येक घरें ऊसतोडीसाठीं परमुलखांत जातात. अशा पाहुण्यास पाणी देणें हा धर्म खराच. परंतु त्याचें नांव, गांव, सणवार विचारणें, आणि त्याच्यावर चुकीचा शिक्का बसत असेल तर कचेरींत त्याच्या शेजारीं उभें राहून खरें सांगणें, हें अधिक कठीण. या वर्षीं निदान एका परक्या घराशीं आपण असें नातें जोडूं या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.