सरकार बंद पडले तर पैसा कोणाचा अडतो?

(पालघर येथील बैठकीत केलेले भाषण)



कापूस-ज्वारीचा मुलूख सोडून आपण या भाताच्या, चिकूच्या पट्ट्यात आलात. पलीकडेच बोईसर-तारापूर. तिथले अणुवीज केंद्र १९६९ साली अमेरिकेच्या मदतीने सुरू झाले. त्याच अमेरिकेत २०२५ साली १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद होते. तिथल्या संसदेने खर्चाला वेळेवर मंजुरी दिली नाही, एवढेच कारण. शेतीखात्याचा ऑक्टोबरचा पीकअंदाजसुद्धा निघाला नाही. त्या अंदाजावर न्यूयॉर्कचा कापूसबाजार हलतो, आणि तो हलला की आपल्या दारातली खेडा खरेदीही हलते.

बंद काळाचा पगार मात्र तिथल्या नोकरांना मागाहून मिळतो. २०१९ साली तसा कायदाच झाला.

आपल्याकडे घटनेच्या कलम २०६ मध्ये लेखानुदानाची सोय आहे. २०२४ साली लोकसभेची निवडणूक होती. राज्याचा पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला आला, तोवर लेखानुदानावर भागले. पण तेही सभागृहाने मंजूर करावे लागते. उत्तराखंडात २०१६ साली विनियोजन विधेयकावरून सरकारच डळमळले, राष्ट्रपती राजवट आली, आणि ३१ मार्चला केंद्राला वटहुकूम काढून पैसा मोकळा करावा लागला.

जर्मनीच्या घटनेत कलम १११ आहे. अर्थसंकल्प रखडला तरी कायद्याने अंगावर आलेली देणी सरकारला देता येतात. वटहुकमाची वाट पाहावी लागत नाही.

आमच्यातले काही म्हणतात, आपल्या मानगुटीवरचे सरकार बंद पडले तर नारळ फोडू. हसायला ठीक आहे. पण घेणेकरी आपण आहोत. उलट सगळाच खर्च आपोआप चालू ठेवला तर आमदारांच्या हातचा लगाम जातो आणि जुनी उधळपट्टीही चालूच राहते. म्हणून आम्ही फक्त देण्यांपुरते मागतो: खरेदी केलेल्या मालाचे पैसे, पीकविम्यातला राज्याचा हप्ता, संपादित जमिनीचा मोबदला. गाड्या आणि जाहिराती थांबू द्या.

आणखी एक. आमच्यातल्या एकाला मोबदल्यासाठी कचेरीत वर्षभर एकच उत्तर मिळाले, "मंजुरी आहे, निधी आला नाही." अर्थसंकल्प तर केव्हाच मंजूर झाला होता! अमेरिकेत निदान दारावर पाटी लागते. तेव्हा नुसता लेखानुदानाचा कायदा पुरणार नाही; कोषागारातून पैसा कोणत्या तारखेला सुटायचा, तेही त्यात लिहिलेले हवे. जिल्ह्याजिल्ह्यांत ठराव मांडताना ही तीन देणी नावानिशी घाला, आणि तारीख चुकली तर व्याज किती, तो आकडाही घाला.