ताप उतरल्यावरचा महिना



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी बोनस किंवा हमालीचे दर यांवर बोलेन, अशी त्यांची समजूत असावी. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतोच. आज मी एका दुखण्यावर बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांबरोबर दवाखान्यांच्या रांगांत उभा राहून. तेव्हा माझे बोलणे डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नका. एका चुकीची हकीकत म्हणून ऐका. ती चूक माझी आहे.

आपल्या उपबाजारात कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या एका टोळीत 20 वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला ताप आला, घसा इतका धरला की थुंकी गिळवेना, आणि मानेत दोन्ही बाजूंना गाठी आल्या. एका खाजगी दवाखान्यातून घशासाठी अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या आणल्या. चार दिवसांत अंगभर लाल पुरळ उठले. आईने गोवर समजून दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. अखेर नाशिकला रक्त तपासले, तेव्हा मोनोन्यूक्लिओसिस हे नाव कळले. आपण त्याला ग्रंथिज्वर म्हणू. या आजारात अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिन दिले तर पुष्कळांना असे पुरळ उठते.

बाराव्या दिवशी ताप उतरला आणि मुलगा कामावर आला. दोन गोण्या टाकल्या की बसे. टोळीतले लोक कुरकुरू लागले, कारण हमालीचा वाटा सगळ्यांत सारखा. माझ्याकडे तक्रार आली. मी त्याला म्हणालो, "ताप उतरला ना? मग अंग चोरू नकोस." तिसऱ्या दिवशी डाव्या बरगडीखाली कळ येऊन तो थप्पीपाशीच खाली बसला. नाशिकला नेले. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली होती. नशिबाने फुटली नव्हती. महिनाभर जड उचलू नये, अशी डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या खिशात पहिल्यापासून होती. त्याने ती कुणाला दाखवली नाही, कारण चिठ्ठी दाखवून टोळीत पैसे मिळत नाहीत. आणि मी विचारलीही नाही.

त्यानंतर मी या रोगाबद्दल वाचले. त्याचा विषाणू 1964 साली एपस्टाइन, अचाँग आणि बार या तिघांनी शोधला. तो लाळेतून पसरतो. इंग्रजीत याला चुंबनाचा रोग म्हणतात. हसा खुशाल, पण आपल्या बाजारात पाण्याच्या एका बाटलीला आठ तोंडे लागतात आणि एक विडी तिघे ओढतात, तिथे चुंबनाची गरज काय? जगातल्या दहांतल्या नऊहून अधिक प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी लागलेला असतो. लहानपणी लागला तर साधा ताप म्हणून निघून जातो. आपल्याकडे बहुतेकांचे असेच होते, म्हणून हे नाव आपल्या कानांवर येत नाही. तरुण वयात लागला की माणसाला आडवा पाडतो.

त्याला मारणारे औषध नाही. अँटिबायोटिक या विषाणूवर चालत नाही. म्हणून घरचे उपाय हेच इथले मुख्य उपचार ठरतात, आणि म्हणूनच ते निवडून घ्यावे लागतात. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ टाकून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या केल्याने घशाला आराम पडतो. गिळताना दुखते तेव्हा भाकरीचा आग्रह धरू नये. तांदळाची पेज, मुगाचे कढण, नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेला मऊ भात द्यावा. पाणी थोडे थोडे, पण सारखे पाजावे. तापाला लंघन ही आपली जुनी सवय इथे बरी नव्हे, शरीर आधीच खंगलेले असते. हळदीचे दूध, मध, तुळशीचा कोमट काढा यांनी बरे वाटते, एवढेच म्हणावे. रोग त्यांनी जात नाही. तापाला पॅरासिटामॉल डॉक्टर सांगतील तेवढेच. लहान मुलांना आणि पोरसवद्यांना ॲस्पिरिन देऊ नये.

गुळवेलीबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. करोनाच्या काळात घरोघर तिचा काढा झाला. 2020 च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली आढळली, आणि 2021 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केले; वनस्पती दुसरीच असावी, असे त्यांचे म्हणणे. हा वाद विद्वानांनी मिटवावा. पण ग्रंथिज्वरात यकृताला आधीच सूज असते, कधी कावीळही दिसते. तिथे हा प्रयोग आपण का करावा? दारूचेही तेच. आपल्या गावाला वाइन पार्क आहे, त्याची क्षमा मागून सांगतो, यकृत ताळ्यावर येईपर्यंत थेंबही नको.

आणि बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे तर अजिबात नको. सुजलेल्या पाणथरीवर जोर पडला तर ती फुटू शकते. हे हजारात एक ते पाच जणांनाच होते आणि बहुधा पहिल्या तीन-चार आठवड्यांत. पण ज्याला होते त्याच्या पोटात रक्तस्राव होतो. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात एकाएकी कळ आली, श्वास अडला, पाणीही गिळवेना, तर काढा उकळत बसू नये, गाडी बघावी.

राहिला सर्वांत मोठा उपाय, विश्रांती. बहुतेकजण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात, तरी थकवा आणखी काही आठवडे रेंगाळतो, क्वचित सहा महिनेही. हा उपाय फुकट मिळतो असे पुस्तकात वाटते. कामगार विमा योजनेतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. गोणीवर पैसे मिळवणाऱ्याला पडून राहण्याचे काय मिळते? हमाल-माथाडींसाठी महाराष्ट्राने 1969 साली कायदा केला, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या मुलाच्या आईच्या डब्यात त्या महिन्यात पीठ कुणी भरायचे, हा प्रश्न कायद्याचे पुस्तक उघडून सुटला नाही.

मी टोळीपुढे गेलो, माझी चूक सांगितली आणि त्याला महिनाभर अर्धा वाटा द्यावा अशी विनंती केली. बराच वेळ कुणी बोलेना. मग साठीच्या घरातला एक हमाल उठला. "मागल्या वर्षी माझी पाठ धरली, तीन आठवडे पडलो. तेव्हा तुम्ही कुठं होता?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी त्यानेच मुलाच्या अर्ध्या वाट्याला हात वर केला, पण बसताना म्हणाला, "माझं लिहून ठेवा."

मुलगा सहाव्या आठवड्यात आला. आधी काही दिवस तो दाभण-सुतळी घेऊन गोण्यांची तोंडे शिवत बसे. सोनोग्राफीत सूज उतरल्याचे दिसले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा त्याने पाठीवर गोणी घेतली. म्हाताऱ्याचे तीन आठवडे माझ्या वहीत लिहिलेले आहेत. टोळीची बैठक येत्या अमावस्येला आहे.