नकाशातली तुटक रेघ



गावनकाशाची नक्कल आम्ही पारावर पसरली. नाल्यालगत दोन तुटक रेघा. म्हातारे म्हणाले, ही तर पांदण! आज तिथं पऱ्हाटी उभी आहे.

जोड तुटक रेघा म्हणजे गाडीरस्ता, रुंदी 16.5 ते 21 फूट. एकच तुटक रेघ म्हणजे पायवाट, 8.25 फूट. आकडे विचित्र वाटतात, पण जुन्या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. अर्धी साखळी गाडीला, पाव साखळी माणसाला, असा हिशेब बसतो. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो आपला गुंठा. असे 40 म्हणजे एकर.

पांदण आम्हीच खाल्ली, हे आधी कबूल. दोन्ही धुऱ्यांनी दरसाल वीतवीत नांगरली. आता कडबा अन् कापसाचे बोचके डोक्यावर. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेला रस्ता मोकळा करू शकतो. पण दावा अडवल्यापासून सहा महिन्यांत लावायचा असतो. आमची अडवणूक कितीतरी जुनी! म्हणून वकिलाआधी धुरेवाल्यांनाच नकाशासकट पारावर बोलावलंय, येत्या मंगळवारी. पहिली वीत आम्ही सोडू.