दाराआडचे मुके सोबती

माणसाने जनावर पाळले ते प्रथम आपल्या गरजेपोटी. कुत्र्याने राखण करावी, मांजराने उंदीर मारावेत, घोड्याने ओझे वाहावे, असा तो सरळ व्यवहार होता. पुढे शहरे वाढली. राखणीचे काम कुलपांनी घेतले, उंदरांचा बंदोबस्त औषधांनी केला. तरीही कुत्रे आणि मांजर घर सोडून गेले नाही. उलट, अंगणातले कुत्रे ओटीवर आले आणि ओटीवरून थेट माजघरात शिरले. आज युरोप-अमेरिकेत, आणि चीनच्या मोठमोठ्या शहरांतही, लक्षावधी घरांतून जे प्राणी राहतात, त्यांच्याकडून सोबतीखेरीज दुसऱ्या कोणत्याही कामाची अपेक्षा नसते. या सोबतीचे मोल काय, आणि ते कोणी कसे चुकवावे, हा प्रश्न एरवी कोणाला फारसा पडत नाही. २०२० साली करोनाच्या साथीने देशोदेशींच्या घरांची दारे एकामागून एक बंद केली, तेव्हा मात्र तो टाळता येईनासा झाला.

येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. आपल्याकडील खेड्यातले कुत्रे घरचे असले तरी घरात कोंडलेले नसते. धन्याने भाकरी टाकली तर ते खाते; न टाकली तर चार घरे फिरून येते. विसाव्या मजल्यावरील सदनिकेत राहणाऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याने केव्हा खावे, केव्हा बाहेर जावे, इतकेच नव्हे, तर देहधर्म केव्हा उरकावा, हेही दुसऱ्याच्या हाती असते. त्याचे सारे जग एका दाराआड असते आणि त्या दाराची किल्ली धन्याच्या खिशात असते. धनी सायंकाळी घरी परतणार, या एका विश्वासावर हा सारा संसार चालतो. साथीने पहिला घाव घातला तो नेमका या विश्वासावर.

चीनमधील वुहान शहरावर २३ जानेवारी २०२० रोजी टाळेबंदी आली. २५ जानेवारीला चिनी नववर्ष होते. सणासाठी गावी जाण्याची चिनी लोकांची जुनी रीत आहे, आणि टाळेबंदीपूर्वी सुमारे ५० लाख लोक शहराबाहेर पडले होते, असे वुहानच्या महापौरांनीच सांगितले. त्यांतील कित्येकांनी चार-सहा दिवसांचे अन्नपाणी भांड्यांत घालून आपली मांजरे आणि कुत्री घरात ठेवली होती. चार-सहा दिवसांत परत यावयाचे होते; परंतु शहराच्या वेशी उघडल्या त्या ८ एप्रिलला, म्हणजे ७६ दिवसांनी. मधल्या काळात ही माणसे दूरच्या गावांतून ओळखीच्या आणि अनोळखी लोकांना फोनवर विनवीत राहिली. तेव्हा शहरातील प्राणिप्रेमी स्वयंसेवक पुढे आले. धन्याची संमती घ्यायची, कुलूप उघडायचे, भुकेने व्याकूळ झालेल्या जीवाला अन्नपाणी द्यायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे, असा त्यांचा क्रम चालला. काही दारे वेळेवर उघडली, काहींना उशीर झाला. त्या धन्यांना निर्दय म्हणता येणार नाही. त्यांनी प्रेम केले होते; आपण परत येऊ शकलो नाही तर काय होईल, एवढ्याच एका गोष्टीचा विचार त्यांनी केला नव्हता. तसा तो जगात कोणीच केला नव्हता.

मार्च महिन्यात साथ युरोपात फैलावली, आणि तेथे या कथेला निराळेच वळण लागले. वुहानमध्ये दाराने कुत्र्याला कोंडले होते. स्पेनमध्ये कुत्र्यानेच धन्याला दार उघडून दिले. १४ मार्च २०२० रोजी स्पेनने जे निर्बंध जाहीर केले, ते युरोपातील अत्यंत कडक निर्बंधांपैकी होते. व्यायामासाठी बाहेर पडण्याची सोय प्रौढांना २ मे पर्यंत नव्हती. मुलांना तर २६ एप्रिलपर्यंत, म्हणजे सहा आठवडे, फिरावयास जाण्याची मुभाच नव्हती. कुत्र्याला मात्र घराच्या आसपास थोडा वेळ फिरवून आणता येत असे. फ्रान्समध्येही घराबाहेर पडताना जो छापील दाखला जवळ बाळगावा लागे, त्यातील मान्य कारणांत पाळीव प्राण्यांची गरज हे एक कारण नमूद होते. साहजिकच कुत्र्याची साखळी हा एक परवाना होऊन बसला. शेजाऱ्याचे कुत्रे मागून नेणारे निघाले, भाड्याने देणारे निघाले. स्पेनमधील पॅलेन्सिया शहरात तर एक गृहस्थ खेळण्यातले कुत्रे दोरीने बांधून रस्त्यावरून ओढीत निघालेले पोलिसांना आढळले!

या प्रकाराला कोणीही हसेल. परंतु त्यामागे एक बोचरे सत्य आहे. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्याने, साखळीच्या लांबीइतक्याच स्वातंत्र्यानिशी बाहेर पडायचे आणि परत दाराआड जायचे, हा घरातल्या कुत्र्याचा जन्मभराचा क्रम असतो. तोच क्रम आता माणसाच्या वाट्याला आला, आणि त्याला तो सात आठवडेही सोसवेना.

घराच्या चार भिंतींत काय चालले होते, याचाही शोध विद्वानांनी घेतला. इंग्लंडमधील यॉर्क आणि लिंकन या विद्यापीठांतील संशोधकांनी एप्रिल ते जून २०२० या काळात सुमारे ६,००० लोकांकडून माहिती मागविली. त्यांतील बहुतेकांच्या घरी एखादा तरी प्राणी होता. घरच्या प्राण्यामुळे मनाला आधार मिळाला, असे ९० टक्क्यांहून अधिक धन्यांनी सांगितले. मौजेची गोष्ट अशी की, जिव्हाळ्याच्या बाबतीत कुत्र्याला काही विशेष मान मिळाला नाही. गिनी पिगसारखा चिमुकला प्राणी पाळणाऱ्याची मायाही कुत्रा पाळणाऱ्याच्या मायेइतकीच उत्कट आढळली. परंतु याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. १०० पैकी ६८ धन्यांना आपल्या प्राण्याची काळजी वाटत होती. पशुवैद्य वेळेवर मिळेल का, त्याला फिरविता येईल का, आणि आपणच आजारी पडून रुग्णालयात गेलो तर मागे याला कोण पाहील, या त्या काळज्या होत्या. म्हणजे ज्याने आधार दिला, त्याच्याच पायी झोपही उडाली. खऱ्या नात्याचे लक्षण याहून वेगळे ते काय असते?

पशुवैद्याच्या दारात या नात्याची कठोर कसोटी लागली. संसर्गाच्या भीतीने ब्रिटनमधील कित्येक दवाखान्यांत धन्याला आत प्रवेश नसे. आजारी प्राण्याला दाराशी सोपवून त्याने रस्त्यावर किंवा मोटारीत बसून राहायचे, आणि वैद्याचे म्हणणे दूरध्वनीवरून ऐकायचे. बारा-पंधरा वर्षे उशाशी निजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला असे परक्या हाती देताना कोणाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, ते सांगावयास नको.

एकीकडे जुनी नाती अशी कसाला लागत असताना दुसरीकडे नवी नाती भराभर जुळत होती. एकाकीपणाला कंटाळलेल्या माणसांनी प्राण्यांचा बाजार अक्षरशः उठविला. साथ सुरू झाल्यापासून ३२ लाख ब्रिटिश कुटुंबांनी नवा प्राणी घरी आणला, असा अंदाज प्राण्यांचे खाद्य बनविणाऱ्या तेथील उत्पादकांच्या संघटनेने मार्च २०२१ मध्ये जाहीर केला. काही लोकप्रिय जातींच्या पिल्लांच्या किमती जवळजवळ दुप्पट झाल्या. याच सुमारास एक विलक्षण योगायोग घडून आला. पिल्लांची पैदास करणाऱ्या निर्दय कारखान्यांतून सुटका झालेल्या लूसी नावाच्या एका कुत्रीच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये कायदा झाला होता. सहा महिन्यांखालील पिल्लू दलालाकडून विकले जाऊ नये, घेणाऱ्याने ते त्याच्या जन्मस्थानी, आईच्या कुशीत पाहूनच घ्यावे, हा त्याचा हेतू. तो कायदा अमलात आला ६ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे देशात टाळेबंदी पुकारल्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी! पिल्लाला आईजवळ जाऊन पाहा, असे कायदा सांगू लागला, तेव्हा घराबाहेर पडण्याचीच बंदी होती. अनेकांनी पडद्यावरील चित्र पाहून पैसे मोजले. लंडनच्या शाही पशुवैद्यक महाविद्यालयातील संशोधकांनी पुढे पाहणी केली, तेव्हा साथीच्या काळात पिल्लू घेणाऱ्यांत प्रथमच कुत्रा पाळणारे अधिक, आणि पिल्लू प्रत्यक्ष पाहून घेणारे कमी, असे दिसून आले.

या पिल्लांच्या वाट्याला आणखी एक उणेपण आले. कुत्र्याच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली आपल्या ग्रंथात या काळाचे महत्त्व विशद केले आहे. या दिवसांत पिल्लू ज्यांना भेटते, त्यांना ते जन्मभर आपले मानते. जे त्याच्या दृष्टीस पडत नाही, त्याचे त्याला भय वाटते. टाळेबंदीतल्या पिल्लाने परका मनुष्य पाहिला तो तोंडावर पट्टी बांधलेला आणि सहा फुटांवरून वळसा घालून जाणारा. दाराची घंटा वाजली नाही, पाहुणा आला नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, ते कधी एकटे राहिलेच नाही. धनी चोवीस तास घरात असतो, हा त्याला सृष्टीचा नियम वाटला. पुढे कचेऱ्या सुरू झाल्या, एके सकाळी धन्याने बूट घातले आणि दार लोटून घेतले, तेव्हा कित्येक घरांतून दिवसभर ओरडणारी, दारे ओरबाडणारी कुत्री शेजाऱ्यांच्या परिचयाची झाली. मांजरांचे दुःख मात्र बहुधा उलट असावे. दुपारची निवांत झोप मोडणारा माणूस पुन्हा कामावर जाऊ लागल्याबद्दल त्यांनी समाधानच मानले असेल!

साथ ओसरताच लोक हे प्राणी रस्त्यावर सोडतील, असे भाकीत अनेकांनी केले होते. ते सर्वस्वी खरे ठरले नाही, ही मनुष्यस्वभावाला भूषणावह गोष्ट होय. अमेरिकेतील प्राणिदया संस्थेने मे २०२१ मध्ये जो अंदाज जाहीर केला, त्यानुसार तेथील सुमारे २ कोटी ३० लाख घरांत साथीच्या काळात कुत्रे वा मांजर आले होते, आणि त्यांतील दहापैकी नऊ कुत्री अद्याप त्याच घरी होती. पुढे महागाईने अनेकांचा नाइलाज झाला आणि ब्रिटनमधील आश्रयस्थानांकडे प्राणी सोपविणाऱ्यांची रीघ वाढली, हेही तितकेच खरे.

परंतु धन्याची माया कितीही असली, तरी ती पुरेशी नसते, हे आणखी दोन घटनांनी दाखवून दिले. जानेवारी २०२२ मध्ये हाँगकाँगमधील एका दुकानातील हॅमस्टरांना करोनाचा संसर्ग झाल्याचे आढळले आणि सरकारने सुमारे २,००० छोट्या प्राण्यांना मारण्याचा निर्णय घेतला. नुकतेच विकत घेतलेले हॅमस्टरही आणून द्यावेत, असे लोकांना सांगण्यात आले. मुलांच्या हातांतली ती लव्हाळी खेळकर जनावरे आणून देणे अनेक घरांना जड गेले; कित्येकांनी उघड विरोध केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शांघाय येथे एका रुग्णाला विलगीकरणासाठी नेण्यात आले. मागे राहिलेले त्याचे कॉर्गी जातीचे कुत्रे त्या गाडीमागे धावले, आणि संसर्गाच्या भीतीने एका कर्मचाऱ्याने ते भर रस्त्यात ठार केले. चीनमध्येही त्यावर मोठा संताप उसळला. धनी समोर आहे तोवर कुत्र्याला नाव असते, स्वभाव असतो, लाड असतात. धनी दिसेनासा झाला की, व्यवस्थेच्या लेखी ते केवळ एक जनावर असते.

या साऱ्याचा अर्थ काय घ्यावा? प्राणी पाळणे म्हणजे प्रेम करणे, अशी साधी समजूत असते. साथीच्या त्या वर्षांनी त्यात एक भर घातली. प्राणी पाळणे म्हणजे दुसऱ्या एका जीवाच्या दाराची किल्ली स्वतःकडे घेणे होय. जो किल्ली घेतो, त्याने आपण नसताना ती कोणाच्या हाती जाईल, हेही ठरवून ठेवले पाहिजे. वुहानच्या त्या बंद घरांजवळ विश्वासाचा एक शेजारी आणि एक जादा किल्ली असती, तर कित्येक मुके जीव वाचले असते. यॉर्कच्या पाहणीतील त्या ६८ जणांची काळजीही याच ठिकाणी होती. म्हणून कुत्र्याचे वा मांजराचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी त्याची जात, त्याचा रंग आणि त्याची किंमत यांची चौकशी जरूर व्हावी. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःस विचारलेला बरा. उद्या आपण घरी परतू शकलो नाही, तर हे दार कोण उघडील? ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर तयार आहे, त्याने ते पिल्लू खुशाल घरी आणावे.