दुखणारे पाय बरे!

(वारीहून परतल्यावर मंडळात केलेले भाषण)



यंदा आपल्या मंडळातले आम्ही चौघे इंदूरहून पुण्याला गेलो आणि माउलींच्या पालखीबरोबर निघालो. पुणे ते सासवड हा वारीतला मोठा टप्पा, सुमारे ३२ किलोमीटर, त्यात दिवे घाट. बांधकाम खात्यात आम्ही रोज रस्ते मोजतो. घाटात मात्र पावले मोजत होतो. आम्हा तिघांच्या तळव्यांना फोड आले. चौथे आपले काका. "मला काही होत नाही" म्हणत ते पुढेच. आम्हाला हेवा वाटला.

सासवडला मुक्कामी सेवेकऱ्यांनी पाय चेपायला घेतले, तेव्हा काकांचा मोजा रक्ताने भिजलेला. टाचेत खडा रुतला होता. जुन्या मधुमेहाने पायांची जाणीवच गेलेली! डॉक्टरांनी चालणे बंद करायला सांगितले. काका रडले. शेजारच्या वारकरी आजी म्हणाल्या, "दादा, इटेवर उभाच हाय त्यो. पाय राखा, पुढल्या साली या."

आमचे पाय दुखले, म्हणून आम्ही थांबलो, मलम लावले. काकांना थांबवणारे दुखणेच नव्हते.

मंडळी, वारीला निघण्यापूर्वी साखर तपासा आणि वाटेत रोज रात्री तळवे बघा.

गणपती बाप्पा मोरया!