आधी कोण आलं?

परवा धावड्यातच एका मित्रानं विचारलं, "ताप आला की मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून घेतलं, तर बिघडतं काय?" उत्तर उंदरांपासून सुरू करतो.

२००२ साली अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयाच्या संशोधकांनी उंदरांना आधी फ्लूचा विषाणू दिला, सात दिवसांनी न्यूमोकॉकस हा जिवाणू. सगळे उंदीर मेले! मग क्रम उलटा केला. जिवाणू आधी, विषाणू नंतर. तर उंदरांना फ्लूपासून चक्क संरक्षण मिळालं. जंतू तेच बरं का, फक्त आधी कोण आलं ते बदललं.

विषाणू श्वासनलिकेचं अस्तर खराब करतो, तिथं जिवाणूंना चिकटायला जागा होते. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत उतरलेल्या त्या फ्लूच्या जगभरच्या साथीतही बहुतेक मृत्यू अशा मागून आलेल्या न्यूमोनियाचेच.

मग अँटिबायोटिक आधीच घेऊन ठेवायचं? नाही ना! विषाणूवर ते चालतच नाही. शिवाय २०११ मध्ये येल विद्यापीठात दिसलं, की अँटिबायोटिक दिलेल्या उंदरांची फ्लूशी लढायची ताकद कमी पडते, कारण पोटातले कामाचे जिवाणूही मरतात.

पण फ्लूचा ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं.